जपान्यांनी चवीला नाव दिलं. आपण आपल्या गोडीचं काय केलं?

(पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन निवांत वाचा.)

आपलं एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असं आपण पिढ्यानपिढ्या सांगत आलो. अंजनीच्या काठी पांडव राहिले, पद्मालयाजवळच्या जंगलात भीमाने बकासुराला मारलं, भीमकुंड तिथेच आहे, हे इथलं शाळकरी पोरगंही सांगतं. ती दंतकथा की इतिहास, हा आजचा विषय नाही. माझं लक्ष त्या गोष्टीतल्या गाड्याकडे आहे. बकासुराकडे गाडाभर भात जायचा, दोन रेडे जायचे आणि एक माणूस. किती गेलं याचा हिशोब चोख आहे. पण तो भात रांधला कुणी, सोबत कालवण काय होतं, चव कशी होती, यावर एक शब्द नाही.

आपली ही सवय आजही गेलेली नाही. भरीत पार्टीत किती मण वांगी भाजली, लग्नात किती पंगती उठल्या, हे आपण छाती फुगवून सांगतो. चव कशाने आली असं कुणी विचारलं की "तिच्या हातालाच चव आहे" म्हणून मोकळे होतो. हात गेला की चवही गेली.

याच्या बरोबर उलटं वागलेल्या लोकांची गोष्ट आज सांगतो. त्यांनी घरातल्या साध्या कढणाची चव पकडली, तिला नाव दिलं, मोजली, लिहिली आणि शंभर वर्षं चिकाटीने जगाला शिकवली. त्या चवीचं नाव उमामी. तुमच्या मुलांनी मोबाईलवर कुठल्यातरी शेफच्या तोंडून हा शब्द ऐकलाच असेल.

उमामी म्हणजे काय, ते आधी आपल्या भाषेत. गोड, आंबट, खारट, कडू या चार चवी आपण शाळेत शिकलो. (तिखट ही खरं तर चव नाही, मिरचीने होणारी आग आहे. खान्देशी माणसाला हे पटणं अवघड, पण आहे तसंच आहे.) या चारांत न बसणारी एक चव मटणाच्या रश्शात असते, पिकलेल्या टोमॅटोत असते, वाळवलेल्या मासळीत असते. तोंडात पाणी आणते, जिभेवर रेंगाळते, आणि रस्सा संपला तरी वाटी पुसून घ्यावीशी वाटते. ती उमामी.

जपानी घरात जेवणाचा पाया म्हणजे दाशी नावाचं कढण. कोंबू नावाची समुद्री वनस्पती वाळवतात, पाण्यात भिजवून गरम करतात आणि ते पाणी भाजीत, सूपमध्ये वापरतात. आपल्याकडे जसं येसर किंवा काळा मसाला घातल्याशिवाय रस्सा होत नाही, तसं त्यांचं दाशीशिवाय होत नाही. टोकियो विद्यापीठात किकुनाए इकेदा नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. जन्म १८६४ चा, क्योटोचा. जर्मनीत लाइपझिगला ओस्टवाल्ड यांच्या प्रयोगशाळेत शिकून आलेले. त्यांना प्रश्न पडला, की या कढणाची चव चारांपैकी कुठलीच नाही, मग ही आहे कोण?

प्रश्न तर आपल्यालाही पडतात. इकेदा मात्र कोंबू घेऊन प्रयोगशाळेत गेले. ते उकळलं, आटवलं, एकेक क्षार वेगळा केला, आणि १९०८ मध्ये त्यांच्या हाती स्फटिक लागले. तो पदार्थ होता ग्लुटामिक आम्ल. हे आम्ल नवीन नव्हतं. रिटहाउझेन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने ते १८६६ मध्येच गव्हाच्या प्रथिनातून वेगळं केलं होतं. पण याचे क्षार म्हणजेच त्या कढणाची चव, हे कुणी ओळखलं नव्हतं. इकेदांनी ओळखलं आणि नाव दिलं उमामी. जपानीत 'उमाई' म्हणजे चवदार. रोजच्या बोलण्यातल्या शब्दापासूनच त्यांनी शास्त्रातला शब्द केला. ग्रीक-लॅटिन शोधत बसले नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

इकेदांच्या मनात आणखी एक गोष्ट होती. आपल्या लोकांचं जेवण निकृष्ट आहे, अंगी लागत नाही, ते सुधारायचं असेल तर चवदार आणि स्वस्त असं काहीतरी घरोघरी पोचलं पाहिजे. त्यांनी पेटंट घेतलं आणि साबुरोसुके सुझुकी या उद्योजकाला गाठलं. सुझुकींचा धंदा समुद्री वनस्पतींपासून आयोडीन काढायचा. १९०९ मध्ये बाजारात बाटली आली. नाव अजिनोमोटो, म्हणजे चवीचं मूळ. हो, तीच ती पांढरी पावडर.

लोकांनी ती डोक्यावर घेतली असेल असं वाटतं ना? नाही घेतली. लोक घाबरले. पांढरी पावडर, चिमूटभर टाकली की चव येते, म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार. जपानभर अफवा उठली, की ही सापापासून बनवतात. कंपनीला जाहिराती देऊन सांगावं लागलं, की बाबांनो, गव्हापासून बनते, सापाचा काही संबंध नाही. व्हॉट्सअॅप नव्हतं तेव्हाही अफवा अशाच पळायच्या.

मग कंपनीने डोकं लावलं. मुलींच्या शाळांमधून शिकून बाहेर पडणाऱ्या मुलींना एक छोटी बाटली आणि पाककृतींचं पुस्तक द्यायला सुरुवात केली. उद्याचं स्वयंपाकघर यांच्या हातात जाणार आहे, हे त्यांनी ओळखलं. पावडर विकायची होती हे खरं. पण विकता विकता त्यांनी एक अख्खी पिढी "उमामी" हा शब्द तोंडात घेऊन वाढवली. जपानमधून माल तैवानात गेला, चीनमध्ये गेला, अमेरिकेच्या डबाबंद सूपमध्ये गेला. महायुद्धानंतर १९४८ मध्ये शिकागोला या पदार्थावर परिषद भरली आणि त्यात अमेरिकी लष्कराचं रसदखातंही होतं. सैनिक डब्यातलं बेचव जेवण खात नाहीत, हा त्यांचा प्रश्न होता.

इकडे जपानी संशोधकही थांबले नाहीत. इकेदांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी १९१३ मध्ये वाळवलेल्या मासळीतून दुसरा उमामी पदार्थ शोधला, इनोसिनेट. पुढे अकिरा कुनिनाका यांनी तिसरा दाखवला, ग्वानिलेट, जो वाळवलेल्या अळंबीत भरपूर असतो. यातली खरी गंमत अशी, की ग्लुटामेट आणि इनोसिनेट एकत्र आले की एक अधिक एक दोन होत नाहीत, चव सात-आठ पटीने वाढते. वनस्पतीतलं ग्लुटामेट आणि मासळी किंवा मटणातलं इनोसिनेट, ही जोडी जगभरच्या आयाबायांना शास्त्राच्या आधीच कळलेली होती. मटणात कांदा, युरोपात मांसासोबत टोमॅटो, जपानात कोंबूसोबत मासळी. हिशोब एकच.

एवढं सगळं होऊनही युरोप-अमेरिका एक गोष्ट मानायला तयार नव्हते. पावडर वापरत होते, पण ही पाचवी चव आहे हे कबूल करत नव्हते. "चव वाढवणारा पदार्थ" एवढंच म्हणायचे. याचं एक कारण माझ्या मते आपल्यासारख्यांनी भिंतीवर लिहून ठेवावं असं आहे. इकेदांचा १९०९ चा मूळ लेख जपानी भाषेत होता. त्याचं पूर्ण इंग्रजी भाषांतर शास्त्रीय मासिकात छापून आलं २००२ मध्ये. ९३ वर्षांनी! एवढी मोठी गोष्ट एका भाषेत बसून राहिली, कारण बाकीच्यांना ती भाषा येत नव्हती. तरी जपान्यांचं नशीब, त्यांनी ती निदान आपल्या भाषेत लिहून तरी ठेवली होती.

मधल्या काळात एक वाईट वळण आलं. १९६८ मध्ये रॉबर्ट हो मान क्वॉक नावाच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या वैद्यकीय मासिकाला पत्र लिहिलं. चायनीज हॉटेलात जेवलं की मान बधिर होते, धडधडतं, अशक्तपणा वाटतो, असा अनुभव. त्यांनी कारण म्हणून तीन-चार शक्यता मांडल्या होत्या. स्वयंपाकातली दारू, सोया सॉस, मीठ आणि ही पावडर. लोकांनी बाकी सगळं सोडलं आणि पावडर धरली. "चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम" असं नाव पडलं आणि एका अख्ख्या समाजाच्या जेवणावर शिक्का बसला. पुढे रीतसर चाचण्या झाल्या. खाणाऱ्यालाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही माहीत नाही की पावडर कुणाच्या ताटात आहे, अशा. जेवणात जेवढी पडते तेवढ्याने नेमाने त्रास होतो, हे सिद्ध झालं नाही. उपाशीपोटी तीन ग्रॅम किंवा जास्त घेतलेल्या काही जणांना तात्पुरता हलका त्रास जाणवला, तोही दर वेळी नाही. पण बदनामी चाळीस-पन्नास वर्षं चालली.

जपान्यांनी यावर काय केलं? भांडत बसले नाहीत. १९८२ मध्ये संशोधकांनी उमामीच्या अभ्यासासाठी संस्था उभी केली. १९८५ मध्ये हवाईत पहिली आंतरराष्ट्रीय परिषद घेतली आणि जगातले शरीरशास्त्राचे, मेंदूचे, आहाराचे अभ्यासक एका मांडवात बसवले. तिथून हा जपानी शब्द जगाच्या शास्त्रात रुळायला लागला. मग २००० साली मायामीच्या निरुपा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिभेवर ग्लुटामेट ओळखणारा ग्राहक दाखवला. (आडनाव बघून जळगाव जिल्ह्यात नातं जोडायला जाऊ नका, पण आनंद वाटून घ्यायला हरकत नाही.) दोनच वर्षांत इतर प्रयोगशाळांनी अशा ग्राहकाची आणखी एक जोडी दाखवली. म्हणजे जीभ ही चव वेगळी ओळखते, याचा पुरावा मिळाला. १९०८ चं म्हणणं जगाने नव्वदीपार मान्य केलं. २०१३ मध्ये जपानी खाद्यसंस्कृती युनेस्कोच्या यादीत गेली. ती एका दिवसात गेलेली नाही, तिच्या मागे हा एवढा इतिहास आहे.

आता आपल्या हायवेवर या.

आपल्याकडे अजिनोमोटो आलं ते चायनीजच्या गाडीवरून. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वँग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंच्युरियन पहिल्यांदा केलं, अशी गोष्ट सांगितली जाते. मुंबईतून ते तालुक्याच्या स्टँडपर्यंत पोचलं. लाल अक्षरात पाटी, मोठी कढई, खडखडणारी पळी आणि गाडीवाल्याच्या पुढ्यात पांढऱ्या पावडरीचा डबा. आपल्या भाषेत अजिनोमोटो हा शब्द आला तो सोबत संशय घेऊनच. "भाऊ, अजिनोमोटो टाकू नको" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय.

मग २०१५ आलं. उत्तर प्रदेशात मॅगीच्या पाकिटावर "ग्लुटामेट घातलेलं नाही" असं लिहिलेलं असताना नमुन्यात ते सापडलं, शिवाय शिसं जास्त असल्याचा अहवाल आला. ५ जूनला देशभर बंदी आली. आपल्या किराणा दुकानांतूनही पाकिटं गायब झाली. प्रकरण आपल्याच मुंबई उच्च न्यायालयात गेलं. १३ ऑगस्ट २०१५ ला न्यायालयाने बंदी रद्द केली आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत नव्याने तपासणी करायला सांगितलं. तपासणीनंतर माल परत आला.

त्या गदारोळात दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवले गेले. शिसं हे विष आहे, ते मर्यादेबाहेर असेल तर गंभीर गोष्ट आहे, यात वाद नाही. ग्लुटामेटचा प्रश्न वेगळा होता. कंपनीचं म्हणणं होतं, की आम्ही वरून घातलेलं नाही, ते शेंगदाण्याच्या प्रथिनातून, कांद्याच्या पावडरीतून, गव्हाच्या पिठातून आलं. मग "घातलेलं नाही" असं पाकिटावर लिहावं का? ग्राहकाला त्यातून काय समजतं? खरा प्रश्न हा होता. पण आपल्याकडे चर्चा झाली ती "विष खाल्लं आपण" एवढीच. शेंगदाणा, कांदा आणि गहू आपल्या घरात पोत्याने असतात. त्यांत तीच चव असते, हे आपल्याला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. शिकवलेलं नसलं की माणूस एकतर घाबरतो नाहीतर फसतो.

आईच्या दुधातही मोकळं ग्लुटामेट असतं, गाईच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे आपल्यातल्या प्रत्येकाने जन्मल्यावर गोडासोबत चाखलेली चव हीच. याचा अर्थ गाडीवाल्याने मूठभर पावडर टाकावी असा नाही. त्यातही सोडियम असतं, सुमारे १२ टक्के. मिठात सुमारे ३९ टक्के असतं. म्हणून काही अभ्यासक उलट सांगतात, की उमामी नीट वापरली तर मीठ कमी करूनही जेवण चवदार लागतं. बीपीवाल्या घरात हे समजून घेण्यासारखं आहे. आणि आपल्याकडे बीपीवालं घर शोधावं लागत नाही.

आता मुद्द्याचं. आपल्या खान्देशी ताटात ही चव कुठे आहे?

इथे मला एक काळजी घ्यायची आहे. "आपल्या पूर्वजांना हे सगळं आधीच माहीत होतं" छाप पोस्ट मला लिहायची नाही. आयुर्वेदात सहा रस आहेत. मधुर, आम्ल, लवण, कटू, तिक्त, कषाय. त्यात उमामी नाही. चरकसंहितेत मांसरसाचं कौतुक आहे, ते पोषणासाठी. तिथून ओढून-ताणून उमामी काढायची गरज नाही. आणि भरीत आपलं कितीही लाडकं असलं तरी त्यात उमामी ठासून भरली आहे असंही मी म्हणणार नाही. भरताची मजा काड्यांवर भाजल्याच्या धुरात आहे, ठेचलेल्या हिरव्या मिरचीत आहे, लसणात, कांद्याच्या पातीत आणि शेंगदाण्यात आहे. काळ्या मसाल्यात भाजलेलं खोबरं आणि भाजलेला कांदा खमंग लागतो. खमंगपणा ही भाजण्याची किमया, तिचा बराचसा भाग नाकाचा. उमामी जिभेची. दोन्ही वेगळ्या आहेत आणि दोन्ही आपल्याच आहेत.

पण जिथे ती आहे, तिथे ठसठशीत आहे. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर लांब, तरी आपल्या आठवडे बाजारात सुके बोंबील आणि सुकट असतेच. शेतमजुराच्या घरात पावसाळ्यात भाजी नसली की चार बोंबील, कांदा, लसूण आणि लाल तिखट, एवढ्यावर चूल भागायची. जपानी माणूस वाळवलेली मासळी आणि कोंबू घेऊन जे करतो, त्याच कुळातली ही गोष्ट. फरक एवढाच, की तिथे ती राष्ट्रीय अभिमान झाली आणि इथे "शेजारी वास येईल" म्हणून खिडकी लावून शिजते. काही घरांत तर पाहुण्यांसमोर नावसुद्धा काढत नाहीत. गरिबाच्या चवीला आपण स्वतःच खाली बसवलं.

मटणाचा रस्सा घ्या. मटणातलं इनोसिनेट आणि भरपूर कांद्यातलं ग्लुटामेट. शेव भाजी घ्या. टोमॅटो आणि कांदा परतून परतून आटवायचा, तेल सुटेपर्यंत. टोमॅटोत १०० ग्रॅममागे साधारण १५० ते २५० मिलिग्रॅम मोकळं ग्लुटामेट असतं, आटवला की आणखी दाट होतं. टोमॅटो आपल्याकडे उशिरा आला, पण आला आणि बरोबर जागेवर बसला. बिबडे घ्या. ज्वारी दोन-तीन दिवस भिजत घालायची, आंबू द्यायची, कांडायची, दळायची, घाटा शिजवायचा आणि उन्हात कापडावर थापायचं. आंबवण्यात प्रथिनं तुटतात आणि त्यातून चव मोकळी होते. जपानी सोया सॉस आणि मिसो यांचं तंत्रही आंबवण्याचंच आहे. आपल्या बायका ते गच्चीवर करतात, एवढंच.

आणि शब्द? शब्द आपल्याकडे आहे. आई चमच्याने रस्सा तळहातावर घेते, चाटते आणि म्हणते, "अजून गोडी नाही आली." रश्शात साखर नसते. मग ही गोडी कसली? ज्वारीच्या हुरड्याची गोडी वेगळी, पाण्याची गोडी वेगळी आणि रश्शाची गोडी वेगळी. अहिराणीत "भाजी गोड लागस" म्हटलं तर कुणी साखरेचा डबा शोधत नाही. मीठ नीट पडलं, कांदा मुरला, रस्सा आटला की जे जुळून येतं त्याला आपण गोडी म्हणतो. उमामीच्या इतक्या जवळ जाणारा शब्द आपल्या आयांच्या तोंडात रोज होता. इकेदांनी रोजच्या "उमाई"वरून शास्त्रातला शब्द केला. आपण रोजच्या "गोडी"चं काहीच केलं नाही. आता आपलीच मुलं रीलमध्ये "उमामी फ्लेवर" म्हणतात आणि आईच्या "गोडी"ला अडाणी समजतात. मला खटकतं ते हे.

कुणी म्हणेल, मराठीत पाकशास्त्र लिहिलं गेलंच की. गेलं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात मानसोल्लासात पदार्थ नोंदवले, तेही संस्कृतात. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र' आलं. १९७० मध्ये कमलाबाई ओगलेंचं 'रुचिरा' आलं आणि घराघरांत पोचलं. ही मोठी कामं आहेत. पण त्यात आपली कळण्याची भाकरी, डाळगंडोरी, बिबड्यांचा घाटा, बोंबलाचं कालवण मापासकट आणि कारणासकट किती सापडतं? आपलं स्वयंपाकघर कागदावर फार कमी आलं.

आता एरंडोलचाच एक जुना संदर्भ देतो. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्ये आपल्या गावाची ओळख काय म्हणून आहे, माहीत आहे? हातकागदासाठी. एरंडोलचा जाडाभरडा देशी कागद एकेकाळी प्रसिद्ध होता. ज्या गावाने कागद बनवला, त्या गावाच्या चुलीबद्दल त्या कागदावर कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत. हिशोब लिहिले, खरेदीखतं लिहिली असतील. मसाला किती भाजायचा, ते नाही. कारण लिहिणारे पुरुष आणि रांधणाऱ्या बाया, आणि रांधणं हे लिहिण्याजोगं काम आहे असं कुणाला वाटलंच नाही.

लिहून ठेवल्याने काय होतं, याचं उदाहरणही आपल्याच जिल्ह्यात आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपुढे गाणी रचत गेल्या. मुलगा सोपानदेव आणि नातलगांनी ती ऐकून लिहून घेतली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांनी मोल ओळखल्यामुळे, गाणी पुस्तकात आली. आज त्यांच्या नावाने आपलं विद्यापीठ आहे. ते कागद नसते तर? महाराष्ट्राला बहिणाबाई कळल्याच नसत्या. आणि त्याच आसोद्याची भरताची वांगी प्रसिद्ध आहेत. गाणी लिहिली गेली, वांग्याचं भरीत करणाऱ्या हातांचं ज्ञान मात्र हातातच राहिलं.

जळगावच्या भरताच्या वांग्याला आणि केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. पण मानांकन वांग्याला आहे. ते कसं भाजायचं, का भाजायचं, बडगीत कुटल्याने काय होतं, हे जगाला सांगणारं अजून कुणी उभं नाही. आपल्या जळगावात कांदा सुकवून परदेशात पाठवायचा मोठा उद्योग आहे. म्हणजे कुठल्या तरी देशात कुणाच्या तरी सूपमध्ये आपल्या मातीतला कांदा चव आणतोय. माल गेला, नाव गेलं नाही. जपान्यांनी मालासोबत शब्द पाठवला.

मग करायचं काय? सरकारने काहीतरी करावं, असं लिहून पोस्ट संपवणं सोपं आहे. मला चार छोटी कामं दिसतात.

पहिलं. या उन्हाळ्यात घरी मसाला कुटला जाईल, बिबडे होतील, तेव्हा वजनकाटा घेऊन बसा. आई, आजी, मावशी, काकू जे "अंदाजे" टाकते ते टाकण्याआधी मोजा. मिरची किती, धने किती, खोबरं किती, दगडफूल किती, कांदा किती वेळ उन्हात. वहीत लिहा. त्यांचेच शब्द लिहा, अहिराणीत बोलल्या तर अहिराणीत. सुधारून घेऊ नका.

दुसरं. आपल्या तालुक्यातल्या कॉलेजांनी हा प्रकल्प म्हणून विद्यार्थ्यांना द्यावा. मराठीवाल्यांनी शब्द गोळा करावेत, रसायनवाल्यांनी बिबड्याच्या आंबलेल्या पिठात आणि बोंबलाच्या कालवणात ग्लुटामेट किती ते मोजावं. १९०८ मध्ये जे जिकिरीचं होतं ते आज विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नेहमीचं काम आहे. आकडा छोटा आला तर छोटा लिहावा. खोटा फुगवू नये. इकेदांचं म्हणणं टिकलं ते स्फटिक हातात होता म्हणून, अभिमान होता म्हणून नाही.

तिसरं. हायवेवर "अस्सल खान्देशी" पाट्या लावणाऱ्यांनी पाटीखाली दोन ओळी लिहाव्यात. हा रस्सा कशाचा, मसाला कुणाच्या पद्धतीचा. पुणे-मुंबईचा माणूस खान्देशी म्हणजे फक्त जाळ समजून परत जातो. आपलं जेवण म्हणजे नुसतं तिखट, हा समज आपणच पसरू दिला. तिखटाच्या खाली गोडी आहे, हे त्याला सांगणार कोण?

चौथं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. बोंबलाची लाज सोडा. कळण्याच्या भाकरीची लाज सोडा. ज्यांना खायचं नाही त्यांनी खाऊ नये, तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण ज्यांच्या घरात तीन पिढ्या या चवीवर वाढल्या, त्यांनी ती लपवू नये. जपानी शिष्टमंडळं जगभर फिरून समुद्रातल्या वनस्पतीचं पाणी अभिमानाने चाखायला देतात. आपण आपल्याच पाहुण्याला पनीर वाढतो.

या सगळ्याला घाई आहे. ज्यांनी जात्यावर दळलं, उखळात कांडलं, चुलीवर रांधलं त्या बायका आज सत्तरी-ऐंशीत आहेत. दर वर्षी गावातली दोन-चार अशी घरं शांत होतात. दशक्रियेला आपण म्हणतो, "काय स्वयंपाक करायची ती!" आणि तिथेच विषय संपतो.

तर एरंडोल, कासोदा, धरणगाव, पारोळा, अमळनेर, तिकडे धुळ्यापर्यंतच्या सगळ्या मित्रमैत्रिणींनो, कमेंटमध्ये फक्त "छान पोस्ट" लिहू नका. तुमच्या घरात रश्शाला "गोडी" आणायला काय करतात, ते एका ओळीत लिहा. कुणाकडून शिकलात, कुठल्या गावची पद्धत, तेही लिहा. मी सगळं एका वहीत उतरवून घेणार आहे. शंभर ओळी जमल्या तरी सुरुवात झाली समजू.